मिठाचा हात धरून

"बाटली लावा की नर्सबाई. पाणी काय, आमी घरीबी पाजलं असतं."

१९८१ च्या जुलैतली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन मला दोन वर्षं झाली होती. एका वाडीच्या विहिरीत पहिल्या पावसाचं गढूळ पाणी उतरलं आणि चार दिवसांत गॅस्ट्रोची साथ आली. खाटा पुरेनात म्हणून व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यातल्या एकीवर एक आजी दहा महिन्यांचा नातू मांडीवर घेऊन बसली होती. पोराची टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, ओठांवर पापुद्रे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायची नाही, क्षणभर घडीसारखी उभी राहायची. पोर रडत होतं, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. मी वाटी-चमचा आणून पुढे ठेवला, तेव्हा आजीनं मला वरचं वाक्य ऐकवलं.

तिचं म्हणणं मला समजत होतं. आपल्याकडे 'सलाईन लावणं' हा तोवर एक रिवाजच होऊन बसला होता. भिंतीच्या खिळ्याला उलटी टांगलेली बाटली, नळीतून पडणारा थेंब, हाताला पट्टी. हे दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. 'दोन बाटल्या चढवल्या' म्हणजे माणसासाठी जे करायचं ते केलं. चमच्यानं पाणी पाजणं म्हणजे सरकारनं गरिबाची केलेली बोळवण. मी एवढंच म्हणाले, "आजी, हे साधं पाणी नाही." मग ते काय आहे, हे मात्र मला नीट सांगता आलं नाही. पुढे मी नर्सिंग शाळेत ट्यूटर झाले आणि चोवीस वर्षं मुलींना पेशी, पेशीपटल, परासरण हे धडे शिकवले. आजीला द्यायचं उत्तर त्या वर्षांत तुकड्यातुकड्यानं हाती लागलं. ते लीथच्या बंदरात सापडलं, ब्राउनश्वाइगच्या एका मोरीत सापडलं, प्रागमध्ये सापडलं, आणि सगळ्यात जास्त बंगालमधल्या बनगाव नावाच्या गावात.

आधी रोगाबद्दल. आपली जुनी माणसं त्याला पटकी म्हणत. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा निघे, पोतराज आसूड ओढत वेशीपर्यंत जाई, आणि गाडा शिवेपलीकडे ढकलून लोक मागं न बघता परतत. देवीला गावाबाहेर नेऊन सोडायचं, म्हणजे रोगही तिच्याबरोबर जाईल. ज्या आजाराला सकाळी सुरुवात होऊन संध्याकाळी माणूस संपतो, त्यापुढे दुसरं काय करणार होती माणसं? पटकी झालेला मोठा माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. रक्त दाट होतं, नाडी हाताला लागत नाही, बोटांची टोकं धोब्याच्या हातासारखी सुरकुततात. मारतं ते हे कोरडेपण. जंतू तर आतड्याच्या बाहेर रक्तात शिरतही नाही.

जगभर गेलेली पहिली मोठी साथ १८१७ साली बंगालमधल्या जेसोर इथून पसरली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती लाट आणि तिच्या मागची लाट फिरत फिरत १८३१ साली इंग्लंडला पोचली. विल्यम ओशॉनसी नावाच्या जेमतेम बावीस वर्षांच्या डॉक्टरनं संडरलंडमध्ये रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की रक्तातलं पाणी गेलंय, क्षार गेलेत, ते परत घाला. (हाच ओशॉनसी नंतर कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या तारायंत्राची उभारणी त्यानं केली.) त्याचं म्हणणं वाचून स्कॉटलंडमध्ये लीथच्या डॉक्टर थॉमस लॅटानं १८३२ साली एका मरणोन्मुख म्हातारीच्या शिरेत मीठ-सोड्याचं पाणी सोडायला घेतलं. आधी काहीच फरक पडेना. मग श्वास ठीक झाला, बसलेले डोळे वर आले, गार पडलेल्या हातापायांत ऊब आली. लॅटा समाधानानं निघून गेला. जुलाब-उलट्या मात्र पुन्हा सुरू झाल्या. पुन्हा पाणी कोणी सोडलं नाही, आणि काही तासांत ती बाई गेली. आपल्या खिळ्याला टांगलेल्या बाटलीचा उगम तो आहे. मुलींना हा प्रसंग सांगताना मी दरवेळी शेवटावर थांबे: एकदा भरून भागत नाही, गळत असेल तोवर भरत राहावं लागतं.

लॅटा पुढच्याच वर्षी वारला, त्याचा उपाय मागं पडला. पुढे कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून क्षारांचं पाणी देण्याची पद्धत पुन्हा रुळवली आणि पटकीचे मृत्यू कमी केले. पण सुई, निर्जंतुक बाटली, शीर शोधणारा हात, हे सगळं हवंच. साथ जिथं येते तिथं नेमकं तेच नसतं.

मग तोंडानं का नाही पाजायचं? पाजत होते लोक, सगळ्या काळात. पण पटकीच्या रुग्णाला नुसतं पाणी पाजलं की ते आतड्यात मुरत नाही, मीठपाणी पाजलं तरी खालून जातं. म्हणून डॉक्टरांचीही समजूत अशी होती, की आतड्याचं अस्तरच झडून गेलंय, तिथून काही शोषलं जाणार नाही, पोटाला विश्रांती द्या. घरोघरी लंघन होतंच. तहानेनं कासावीस झालेल्या लेकराला 'पाणी देऊ नका, जुलाब वाढतील' म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

हे कोडं सुटायला पेशीची भिंत कळावी लागली. तिच्या गोष्टीची सुरुवात मी वर्गात पितळी परातीनं करत असे. परातीत पाणी घ्यायचं, वर चिमूटभर मिरपूड भुरभुरायची आणि काडीच्या टोकानं तेलाचा थेंब टेकवायचा. मिरपूड झपकन कडेला पळते. तेल जितकं पसरता येईल तितकं पसरलेलं असतं. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तेव्हा अर्ध्या एकरावरच्या लाटा शांत झाल्या. १७७४ साली त्यानं ते लिहून प्रसिद्ध केलं. थर किती पातळ झाला असेल याचं गणित मात्र त्यानं मांडलं नाही.

ते गणित नेमकं करता आलं एका मुलीमुळे, आणि तिचं नाव मी कुठल्याच बॅचला सांगायचं चुकवलं नाही. आग्नेस पॉकल्स. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. शिकायची फार इच्छा, पण तिथल्या विद्यापीठांत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. आजारी आई-वडिलांचं करायचं, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची. भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे बघता बघता विशीच्या आसपास तिनं स्वतःच एक उपकरण तयार केलं. पत्र्याची उथळ पन्हळ, त्यात काठोकाठ पाणी, वर सरकवायची पत्र्याची पट्टी. पाण्यावर टेकवलेलं एक बारकं बटण वर उचलायला किती जोर लागतो, ते ती तराजूनं मोजायची. पट्टी सरकवून तेलाच्या थराला जागा कमी करत आणली, की एका ठरावीक क्षेत्रफळाला पाण्याचा ताण एकदम बदलतो. म्हणजे तेलाचे रेणू तिथं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले असतात. दहा वर्षं हे काम तिनं कुठंही न छापता केलं. जानेवारी १८९१ मध्ये तिनं लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला जर्मन भाषेत पत्र लिहिलं. त्याच्या बायकोनं ते इंग्रजीत उतरवलं आणि रॅलेनं 'नेचर'कडे पाठवून मार्चमध्ये छापून आणलं. मोरीपाशी उभं राहून सुरू झालेलं काम. माझ्या वर्गात शेण-पाणी करून, भाकऱ्या थापून, एसटीनं येणाऱ्या मुली असत. या गोष्टीला त्या हमखास मान वर करून बघत.

त्याच सुमाराला झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हरटन जिवंत पेशी वेगवेगळ्या द्रावणांत घालून बघत होता. कोणता पदार्थ आत चटकन जातो, कोणता अडतो, याची शेकडो पदार्थांची नोंद त्यानं ठेवली. तेलात विरघळणारे पदार्थ सहज आत शिरत, साखर आणि मीठ अडत. पेशीभोवतीचं आवरण तेलासारख्या द्रव्याचं असणार, असं त्यानं मांडलं. आणि १९२५ साली नेदरलंड्समधल्या लायडनमध्ये एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रांस्वा ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, बकरी, ससा, गिनीपिग अशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतली चरबी काढली आणि पाण्यावर पसरली. त्यासाठी वापरलेलं उपकरण म्हणजे आग्नेसच्या पन्हळीचीच सुधारलेली आवृत्ती होती. चरबीनं व्यापलेली जागा पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे आवरण दुपदरी आहे. दोघांच्या मोजणीत दोन चुका होत्या: सगळी चरबी निघाली नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. एका चुकीनं दुसरी फेडली आणि उत्तर बरोबर आलं. गॉर्टर बालरोगतज्ज्ञ होता, हे मला फार उशिरा कळलं. आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मला व्हरांड्यातलं पोर आठवलं.

दुपदरी म्हणजे कसं? चरबीच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना नाही. दोन रांगा शेपट्यांकडून एकमेकींना भिडतात, डोकी बाहेर पाण्याकडे. जाडी सात-आठ नॅनोमीटर, केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. मुली विचारत, "एवढं पातळ मग फाटत कसं नाही?" फाटत नाही, कारण ते कापडासारखं विणलेलं नाही. परातीतल्या तेलासारखं ते वाहतं असतं, रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात, आणि भोक पडलं तर कडा आपोआप जुळतात. त्या वाहत्या थरात प्रथिनं रोवलेली, काही आरपार. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या दोघांनी हे चित्र पक्कं मांडलं, आणि आज शाळेच्या पुस्तकात तेच असतं.

आरपार रोवलेली ती प्रथिनं म्हणजे दारं. तेलाच्या भिंतीतून मीठ जात नाही, साखर जात नाही, त्यांना दारातूनच जावं लागतं. डेन्मार्कच्या येन्स स्कौनं १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून एक दार शोधलं, जे ऊर्जा खर्चून पेशीतलं सोडियम बाहेर फेकतं. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अखंड. शेतातल्या मोटेसारखं. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं आणि बाहेरचं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं.

आता प्राग. ऑगस्ट १९६० मध्ये तिथल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं एक आकृती मांडली. आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला एक असं दार आहे, की त्यातून साखर एकटी जात नाही. सोडियम आत धावतं आणि त्याचा हात धरून ग्लुकोज आत जातं. दोघं बरोबर असतील तरच दार फिरतं. पलीकडच्या बाजूनं ती मोट सोडियम उपसून रक्ताकडे टाकते, साखरही रक्तात उतरते, आणि ही दोन्ही जिथं गेली तिथं पाणी मागोमाग जातं. पुढे १९८७ साली हे दार म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, तेही सापडलं. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम, असा त्याचा हिशेब आहे. क्रेनच्या डोक्यात पटकी नव्हती. साखर शोषली कशी जाते, एवढाच त्याचा प्रश्न होता.

तिकडे कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि सगळा उत्पात त्या विषाचा आहे. साधनं तुटपुंजी होती, पण काम इतकं नेटकं, की पुढचं सगळं संशोधन त्याच्यावर उभं राहिलं. देशात त्यांचा म्हणावा तसा गौरव त्यांच्या हयातीत झाला नाही, याची मला खंत आहे. पाठोपाठ १९६० मध्ये थायलंडमधल्या रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले गेले. अस्तर जागेवर होतं, शाबूत. शंभर वर्षांची समजूत चुकीची निघाली. विषामुळे पेशी क्लोराइड आणि त्याच्या मागं पाणी आतड्यात ओतत सुटते. पण साखर-मिठाचं ते दार त्या गडबडीतही तसंच चालू असतं. घरात एका नळाची तोटी तुटून पाणी वाहतंय, पण आत पाणी घेणारा पाइप ठीक आहे, असं काहीसं.

आजीचं उत्तर मला इथं सापडलं. नुसतं पाणी पाजलं तर मुरत नाही. नुसतं मीठ दारातून जात नाही. नुसत्या साखरेला हात धरायला कोणी नाही. ठरावीक मापाची जोडी हवी.

ही जोडी बंगालमध्येच कोणी आधी वापरलीही होती. हेमेंद्रनाथ चॅटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे १८६ रुग्ण बरे केले आणि ते १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण रुग्ण सौम्य होते, मोजमाप काटेकोर नव्हतं, आणि दार अजून सापडायचं होतं. जगानं लक्ष दिलं नाही. दार सापडल्यावरही एक ठेच लागली. १९६२ साली मनिलामध्ये एका अमेरिकन पथकानं साखर-मिठाचं पाणी दिलं, पण मिश्रण फार तीव्र होतं, काही रुग्ण दगावले, आणि पथकप्रमुखानं हात मागं घेतला. शेवटी ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर १९६८ मध्ये २९ रुग्णांवर हिशेबानं काम केलं. जितकं खालून गेलं तितकं मोजायचं आणि तितकंच तोंडानं पाजायचं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी झाली. मापाच्या खुणा केलेली बादली, आणि खाटेला मधोमध भोक. या कामात मला सगळ्यात थोर वाटते ती मोजायची चिकाटी. लॅटाच्या म्हातारीजवळ नेमकं तेच कोणी केलं नव्हतं.

पण हे दवाखान्यातलं होतं. तिथं परिचारिका होत्या, तराजू होते. तीन वर्षांनी युद्ध आलं.

१९७१. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. जेसोर रस्त्यावर, सीमेच्या अलीकडे, इछामती नदीच्या काठी बनगाव आहे. फाळणीपर्यंत ते जेसोर जिल्ह्यातच होतं. म्हणजे १८१७ साली जिथून साथ जगभर निघाली, त्याच मातीत दीडशे वर्षांनी पावसाळ्यात, चिखलात, तंबूंत आणि सिमेंटच्या पाइपांत लाखो माणसं येऊन पडली, आणि पटकी आली.

डॉक्टर दिलीप महालनोबीस कलकत्त्यात एका संशोधन केंद्रात काम करत होते. २४ जून १९७१ ला ते बनगावच्या रुग्णालयात पोचले. १६ खाटा. दोन खोल्यांत जमिनीवर रुग्ण इतके दाटलेले, की सलाईन लावायला त्यांना अक्षरशः रुग्णांच्या उलट्या-जुलाबांत गुडघे टेकून बसावं लागलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की ही लढाई हातची जातेय. बाटल्या पुरत नव्हत्या, आणि शिरेत सुई घालू शकणारी माणसं त्यांच्याकडे दोनच होती.

मग त्यांनी ठरवलं, की पाजायचं. मोठ्या साथीत, हजारोंना, घरच्यांच्या हातून, असं तोवर कुठंही केलं गेलं नव्हतं. चुकलं असतं तर दोष त्यांच्याच माथी आला असता. कलकत्त्यात केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत टेबलं जोडली. एकजण ग्लुकोज तोलायचा, दुसरा मीठ, तिसरा खाण्याचा सोडा. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं, सूचनांची चिठ्ठी घालायची आणि गरम इस्त्री फिरवून तोंड बंद करायचं. लिटरमागे खर्च ११ पैसे. बनगावला पिंपांत पाणी भरून ते कालवलं जाई, आणि पिंपाला लावलेल्या तोटीतून नातलग मग, पेले, मिळेल ते भांडं भरून नेत. नाडी न लागणाऱ्यांना आधी शिरेतून, बाकी सगळ्यांना आणि सावरलेल्यांना तोंडानं. पाजणारे हात आईचे, बापाचे, भावाचे. ज्याला तहान आहे तो पितो आणि तहान भागली की थांबतो, त्यामुळे मापही बऱ्याच अंशी आपोआप राखलं जायचं.

सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० रुग्ण. मृत्यू ३.६ टक्के. त्याआधी छावण्यांत शंभरातले तीसेक जात होते.

तिथंही लोक कुरकुरत होतेच. त्यांना बाटली हवी होती. म्हणून महालनोबीस यांच्या माणसांनी या पाण्याला 'तोंडानं घ्यायचं सलाईन' म्हणायला सुरुवात केली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. दहा वर्षांनंतर दीड-दोन हजार किलोमीटरवर माझ्यापुढे बसलेली आजी तेच म्हणत होती आणि मला तो शब्द सुचला नव्हता. पुढे मी मुलींना तो शब्द दिला. वस्तीवर जाऊन 'जलसंजीवनी घ्या' म्हटलं तर बायका मान डोलावतात. 'हे तोंडाचं सलाईन आहे, बाटलीतलंच आहे, फक्त सुईविना' म्हटलं की वाटी पुढे येते.

जागतिक आरोग्य संघटनेत काम करणारे धीमान बरुआ बनगावला येऊन हे सगळं पाहून गेले आणि त्यांनी ते लावून धरलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना पटायला सात वर्षं गेली. १९७८ साली 'लॅन्सेट'नं मीठ आणि साखर एकत्र शोषली जातात हा शोध शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकतो, अशा अर्थाचं संपादकीय लिहिलं.

बांगलादेशानं तर पाकिटाचीही वाट पाहिली नाही. तिथल्या ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षं दारोदार गेल्या, एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ. चुलीपाशी बसून आईकडून करवून घ्यायचं. महिन्याभरानं दुसरं पथक यायचं, आईला किती आठवतंय ते तपासायचं, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. शिकवणाऱ्याच्या पगाराची अशी पद्धत आमच्या खात्यात असती तर, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

कारण चुका शिकवण्यातच होतात. एकदा एका आईनं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पोराला पाजलं. पाकिटावर लिटर लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि घरात लिटरचं माप म्हणजे काय ते आमच्यापैकी कोणी दाखवलं नव्हतं. तीव्र मिश्रणानं परासरण उलट दिशेला होतं: पातळ बाजूचं पाणी दाट बाजूकडे जातं, म्हणजे शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं. पोराचे जुलाब वाढले, झटके आले, जिल्ह्याला न्यावं लागलं. वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवीत पाकिटांबरोबर एक लिटरचं पितळी माप ठेवायला लागले. प्रत्येक घरात आधी त्यांचाच तांब्या, कळशी, पातेली मोजायची आणि कुठपर्यंत भरायचं तिथं खिळ्यानं ओरखडा काढायचा. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघायचं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. मनिलाची ठेच हीच होती. २००२ साली जगभरच्या पाकिटाचं सूत्रच आणखी सौम्य केलं गेलं, सोडियम लिटरला ९० मिलिमोलवरून ७५ वर आलं, तेही याच अनुभवातून.

महालनोबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. ते ऐकायला ते असायला हवे होते.

व्हरांड्यातल्या त्या दिवशी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दर मिनिटाला एक चमचा, एवढं प्रशिक्षणात शिकवलेलं माहीत होतं. आजी चमचा हातात घेईना, म्हणून मी सतरंजीवर तिच्या शेजारी बसले आणि पाजायला लागले. तीन चमचे गेले, पोरानं उलटी केली, आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा सुरुवात केली, जरा आणखी सावकाश. तासाभरानं मला दुसऱ्या खाटेकडून हाक आली. मी उठले, तेव्हा आजीनं काही न बोलता चमचा माझ्या हातातून घेतला. येता-जाता मी बघत होते. वाटी रिकामी होई, कोणीतरी भरून देई, ती पुन्हा पाजत राही. पाठीला भिंत नव्हती, मांडी बदलत बदलत पाच-सहा तास बसली होती.

दिवेलागणीला तिनं व्हरांड्याच्या टोकावरून मोठ्यानं हाक मारली. मला वाटलं, गेलं पोर. धावत गेले तर ती दोन्ही हातांनी लुगड्याचा भिजलेला घोळ वर धरून सगळ्या व्हरांड्याला दाखवत होती.

"मुतलं गं बाय! नर्सबाई, लेकरू मुतलं माझं!"

मी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली.